राशीपासून एक बोट दूर

बेळगावात वीस वर्षं अंकगणित शिकवणाऱ्या माणसाला चारपर्यंत मोजता येत नाही, ही गोष्ट मला गुंजी स्टेशनच्या फलाटावर उभं राहून कळली.

घरून निघताना आमच्या मंडळींनी बजावलं होतं, "लोंढा चौथं स्टेशन. तीन सोडा, चौथ्यावर उतरा."

"गणिताच्या मास्तरला मोजायला शिकवतेस?" मी हसून म्हणालो. हिला बोटांच्या पेरांवर मोजायची सवय. लग्न झालं त्या वर्षी मी हिला पाढे शिकवायला बसवलं होतं, पण तेरावर आमची गाडी अडली ती अडलीच. तेव्हापासून घरात गणित माझ्याकडे आणि उरलेलं सगळं तिच्याकडे अशी वाटणी झालेली आहे.

तर गाडी हलली आणि मी मोजायला सुरुवात केली. बेळगाव एक, देसूर दोन, खानापूर तीन, गुंजी चार. वळकटी, छत्री, ट्रंक घेऊन रुबाबात उतरलो. गाडी निघून गेली, मागचा धूरही विरला, तेव्हा फलाटावरची पाटी वाचली. मी बसलो ते स्टेशनसुद्धा मी मोजलं होतं! स्टेशनमास्तर भला माणूस. त्यांनी मला दुपारच्या मालगाडीत गार्डाच्या शेजारी चढवून दिलं, आणि ज्या लोंढ्याला मी सकाळी पोचायचा, तिथं दिवस कलता कलता पोचलो.

गाडीवान यल्लाप्पा सकाळपासून ताटकळत होता. हा नंदिगड्ड्याचा, पन्नाशीचा, तोंडात पान आणि डोक्याला जाड मुंडासं.

"काय वो मास्तर, गाडी चुकली?"

"गाडी नाही चुकली. मी चुकलो."

"असंदे. बैलास्नी इसावा तरी गावला," तो म्हणाला आणि माझी ट्रंक गाडीत टाकली.

मी कशाला निघालो होतो तेही सांगून टाकतो. सुप्याकडच्या रानातल्या शाळांची परीक्षा घेणारे आमचे साहेब हिवतापानं आडवे झाले होते. एका वाडीतल्या शाळेची अंकगणिताची परीक्षा तेवढी राहिली होती, ती माझ्या गळ्यात आली. हातात दिलेल्या कागदात लिहिलं होतं की या शाळेविषयी लागोपाठ दोन वर्षं 'मुलांस पाढे येत नाहीत' असा शेरा पडलेला आहे. तिसऱ्यांदा तोच शेरा आला तर शाळा बंद करून मुलं कुंभारवाड्याच्या शाळेत घालावीत. मला वाटलं, काम सोपं आहे. पाढे येतात की नाही हे विचारायला कितीसा वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी जगलबेट मागे पडलं आणि रान सुरू झालं. मी देशावरचा माणूस. रान म्हणजे चार बाभळी एवढीच माझी कल्पना. इथं दिवसा दहा वाजेपर्यंत ऊन जमिनीवर उतरतच नव्हतं. सागाची रुंद पानं, बांबूची बेटं, मधूनच एखादा धनेश डोक्यावरून पंखांचा घोंघावता आवाज करत जायचा आणि मी दरवेळी छत्री सावरायचो. सुप्याला काळी नदीचं पाणी पाहिलं. नाव काळी, पण तळाचे गोटे मोजता यावेत इतकं निवळ. गुंजीपासून मोजण्याचा जरा धसकाच घेतला होता, म्हणून मोजले नाहीत.

जोयडे सोडल्यावर यल्लाप्पानं मागे न पाहता विचारलं, "तुमी शाळा मोडायला आलासा न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"समद्यास्नी ठावं हाय. मागचे सायेब बी माज्याच गाडीतनं आल्ते."

"मोडायची कशाला? मुलं कुंभारवाड्याला जातील की."

"जातील की!" यल्लाप्पा म्हणाला. "वड्याला दिवाळीपातूर कमराएवढं पानी अस्तंय. त्येच्या फुडं अस्वलांची वाट. अस्वलास्नी बी शाळा लई आवडती वो. पोरं कवा येत्यात, वाटच बगत बसत्यात."

मी कागद ट्रंकेतून काढून पुन्हा एकदा वाचला.

कुंभारवाडा आलं म्हणजे गाव आलं असं मला वाटलं होतं. पण गाव असं नव्हतंच. इथं चार घरं, मग रान, मग भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, मग पुन्हा तीन घरं. आमची वाडी त्याच्याही पुढं, दिग्गीच्या वाटेवर. गाडी एका ओढ्यापाशी थांबली आणि शेवटचा तुकडा मी पायी, ट्रंक यल्लाप्पाच्या डोक्यावर, असा पार केला.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. दारात गोविंद मास्तर उभे होते. खानापूरकडचा तिशीतला सडसडीत माणूस. शेजारी वाडीचा प्रमुख सोमा गावडा (वाडीतल्या मानाच्या माणसाला इथं गावडा म्हणतात), खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता. त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलासा?" मग उत्तराची वाट न पाहता मला घरी नेऊन उकडलेला कोन (मांडीएवढा वाढणारा जमिनीतला कंद) आणि वर लाल मुंग्यांची चटणी वाढली. मुंग्या हे मला खाल्ल्यावर सांगितलं. आंबट, झणझणीत आणि इतकी चवदार की मी दुसऱ्यांदा मागितली. हे घरी सांगू नये असं तेव्हा ठरवलं होतं.

सकाळी परीक्षा. सोळा मुलं ओळीनं बसली होती, त्यांत पाच मुली. मी खुर्चीवर, वाडीत ती एकच खुर्ची होती.

"पावकी म्हणा."

पावाचा पाढा कोणालाच येईना.

"बरं, निमकी? अर्ध्याचा पाढा?"

गोविंद मास्तर पुढं आले. "साहेब, पाढे दहापर्यंत येतात. पुढचे चटईवर करतात."

"चटईवर पाढे?"

"शेवंते, साहेबांना दाखव. साहेब, आपण विचारा."

शेवंती दहा-अकरा वर्षांची, केस तेल लावून घट्ट बांधलेले, डोळे सगळीकडे. मी विचारलं, "बारा सत्ते?"

तिनं भिंतीला लावलेली बांबूची चटई धडाधड उलगडली. आडव्या पट्ट्या बारा मोजल्या, तिथं एक काडी ठेवली. उभ्या सात मोजल्या, तिथं दुसरी. आतले चौकोन दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी बोटानं वेढत गेली आणि म्हणाली, "आठ धाचं गठ्ठं, वर चार. चौऱ्याऐंशी."

उत्तर बरोबर होतं. पण मी वीस वर्षांचा मास्तर. म्हणालो, "चटई गुंडाळा. परीक्षेत चटई नसते." आणि पाढ्यांच्या रकान्यात शून्याची तयारी केली.

शेवंती खाली बसेना.

"काय गं?"

गोविंद मास्तर घाबरत म्हणाले, "साहेब, आमच्याकडे रीत आहे. ज्यानं उत्तर दिलं, त्यानं पुढचा प्रश्न विचारायचा. विचारणाऱ्यालाच."

"म्हणजे मला? विचार की!" मी उदारपणे म्हणालो.

"धा हात कुपान घालायचं हाय," शेवंती म्हणाली. "हाताहाताला एक खुटा. खुटं किती लागतील, जी?"

"दहा."

सोळाच्या सोळा मुलं हसली. दोन पोरं धावत बाहेर गेली, अंगणात काड्या रोवायला लागली, आणि मी खुर्चीवरूनच पाहत राहिलो. अकरा काड्या.

"पैला खुटा इसारलासा तुमी," शेवंती म्हणाली.

गुंजीला एक जास्त मोजलं होतं आणि इथं एक कमी. दाराशी टेकून बसलेला यल्लाप्पा तोंडावर मुंडासं धरून हलत होता. माझा रुबाब वाचवायचा एकच मार्ग मला दिसला. मी उठलो आणि म्हणालो, "चटया नि काड्या पुरे. खरं काम दाखवा. चला बाहेर."

शाळेमागंच सोमा गावड्याचं खळं होतं. सारवलेल्या जमिनीवर मळणी संपून भाताची मोठी रास घातलेली होती, सोनेरी, टोकदार, वर झेंडूचं एक फूल. मी छत्री रोखून विचारलं, "ही रास किती खंडीची? सांगा."

सगळी मुलं गप्प झाली. शेवंतीसुद्धा. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"एवढंही मोजता येत नाही?" मी म्हणालो. कडेला लाकडी कुडव (धान्य मापायचं भांडं, वीस कुडवांची एक खंडी) पालथा पडला होता. तो उचलला आणि कसं मोजतात हे दाखवायला त्याची कड राशीत खुपसली.

"मास्तर!"

सोमा गावड्याचा आवाज असा आला की कुडव माझ्या हातातून निसटला. तो धावत आला, कुडव उचलून बाजूला ठेवला, राशीसमोर हात जोडले. मग माझ्याकडं वळला.

"रास पुजली न्हाई अजून. पुजल्याबिगर माप लावायचं न्हाई, आकडा तोंडातनं काडायचा न्हाई. पोरास्नी बी ठावं हाय. तुमास्नी कसं ठावं न्हाई?"

मुलांना मोजता येत नव्हतं असं नाही. ती तोंड मिटून उभी होती, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"चुकलो, गावडे," मी म्हणालो. "आता काय करू?"

"उद्या सकाळी पूजा. राशीला माप लावणाऱ्यानं तोवर जेवायचं न्हाई."

हा दंड खरोखरच पूर्वापार चालत आला होता, की त्यानं माझी जिरवायला तिथल्या तिथं केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. यल्लाप्पाला विचारलं तर तो नुसता आभाळाकडं बघतो.

पण खरी गंमत पुढंच होती. गोविंद मास्तर माझ्या कानाशी आले. "साहेब, माप लावता येत नाही म्हणूनच आम्ही हे शिकलो. मुलं हात न लावता मोजतात. फक्त आकडा बोलत नाहीत. पाहायचंय?"

त्यांनी खूण केली. शेवंतीनं कुडाच्या खुंटीवरची दोरी आणली, हाताहातावर गाठी मारलेली. पाच-सहा मुलांनी ती धरली आणि राशीभोवती वेढा घातला, श्वास रोखून, दाण्याला दोरी लागणार नाही अशी. टोक टोकाला मिळालं तिथं शेवंतीनं चिमटीत पकडलं. मग सगळी पाटीवर वाकली.

मास्तरांनी मला बाजूला नेऊन समजावलं. वर्षभर मुलांनी वाळूच्या, तुसाच्या, भाताच्या लहान-मोठ्या राशी घालून पाहिल्या होत्या. भात आपल्या वजनानं जसं घसरतं, त्यात रास मोठी असो वा लहान, उंची घेराच्या नवव्या भागाएवढी येते. घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग उंचीनं गुणायचं. जो आकडा येईल तेवढे घनहात. आणि घनहात म्हणजे काय? त्यांनी शाळेच्या कोपऱ्यातली बांबूची पेटी दाखवली, एक हात लांब, एक रुंद, एक उंच, आतून शेणानं सारवलेली. मुलांनी स्वतः विणलेली. "हिच्यात बारा कुडव बसतात. मुलांनी भरून पाहिलंय."

मी हा राशीचा हिशेब लहानपणी माझ्या आजोबांकडून श्लोकात घोकला होता. घोकला आणि विसरलो. त्यातली रास खरी असते, तिच्याभोवती दोरी धरून चालता येतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजत होतं!

मुलांनी पाटी पालथी घातली आणि वर केळीचं पान ठेवलं. पान उद्या उचलायचं.

मी शाळेच्या पडवीत उपाशी बसलो. समोर गावड्याच्या चुलीवर कोन उकडत होता, त्याचा वास येत होता. पण खरं सांगतो, भुकेपेक्षा त्या पाटीनं मला जास्त छळलं. दोनदा केळीच्या पानाजवळ जाऊन परत आलो. गोविंद मास्तर शेजारी बसून होते. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, शाळा राहील का? मला बदली मिळेल कुठंही. पण ही मुलं..."

"आकडा जुळू दे," मी म्हणालो. वास्तविक मी तसं म्हणायला नको होतं.

सकाळी धुकं राशीवर बसलं होतं. सोमा गावड्यानं पूजा केली, नारळ फोडला, दोन कुडव भात देवासाठी वेगळं काढलं. मग मापायला बसला. पहिल्या कुडवाला एक न म्हणता "लाभ" म्हणाला, तशी इकडं रीतच आहे. लाभ, दोन, तीन. सगळी वाडी भोवती उभी. शंभर झाले, दीडशे झाले, दोनशे झाले. दोनशे पाचव्या कुडवाला खळं झाडून साफ झालं.

दहा खंडी पाच कुडव.

शेवंतीनं केळीचं पान उचललं. पाटीवर दहा खंडी सोळा कुडव, म्हणजे दोनशे सोळा.

अकरा कुडवांची चूक! मास्तरांचा चेहरा पडला. माझ्या पेन्सिलीखाली रकाना होता, आणि मला कालचे माझेच शब्द आठवत होते. मुलांत मात्र भांडण लागलं होतं.

"पेटी गच्च भरली हुती तवा, म्हणून!"

"न्हाई रं! देवाचे दोन कुडव कुटं मोजलं?"

"व्हय की! म्हंजे नऊच ऱ्हायलं!"

"नऊ कुटं गेलं मग?"

"उंदरानं न्हेलं!"

"एका रातीत नऊ कुडव? उंदीर का हत्ती?"

मी माझ्या वीस वर्षांत उत्तर चुकल्यावर रडणारी मुलं पाहिली, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चोरून बघणारी पाहिली. चूक कुठं गेली म्हणून तिचा माग काढत पळणारी मुलं पहिल्यांदाच पाहत होतो. मीही उठून त्या घोळक्यात शिरलो.

शेवंती एकटी दोरी हातात धरून उभी होती. एकाएकी ओरडली, "म्या केलं! दोरी राशीला लागू द्यायची न्हाई, म्हणून बोटभर लांब धरल्ती. घेर मोठा आला!"

"बोटभरानं नऊ कुडव?" सोमा गावडा म्हणाला. "कायबी."

मलाही ते पटलं नाही. पण तिच्यापुढं नाही म्हणायचं धाडस गुंजीपासून माझ्यात उरलं नव्हतं. परीक्षेचा कागद कोराच घडी करून ट्रंकेत टाकला, पोटभर जेवलो, मुंग्यांच्या चटणीसकट, आणि गाडीत बसलो. निघताना शेवंतीनं ती गाठींची दोरी माझ्या हातात दिली. "तुमच्या शाळेत न्या. दुसरी वळू आमी."

ओढा ओलांडला आणि मला राहवेना. गाडीच्या धक्क्यांत गुडघ्यावर कागद ठेवून मांडायला लागलो. सगळीकडून बोटभर दूर, म्हणजे घेरात सहा बोटं आणि वर जरासं. मापाच्या एका हातात बोटं चोवीस. सहा म्हणजे पाव हात. दोरीवर आलेल्या अठराऐवजी खरा घेर पावणेअठरा हात. सहावा भाग, त्याचा वर्ग, नववा भाग... अपूर्णांकांची नुसती जाळी. चटई असती तर बरं झालं असतं असं त्या क्षणी मनापासून वाटलं. जोयड्याच्या अलीकडं उत्तर आलं. दोनशे सात. देवाचे दोन काढा.

"दोनशे पाच!" मी एवढ्यानं ओरडलो की बैल बुजले आणि गाडीचं चाक रस्ता सोडून खड्ड्यात गेलं.

"काय झालं वो? साप?"

"दोनशे पाच, यल्लाप्पा! बरोब्बर दोनशे पाच! पोरीचं बोट बरोबर होतं!"

यल्लाप्पानं खाली उतरून चाकाला खांदा लावला. "मंग शाळा ऱ्हाती का मोडती, तेवडं सांगा. चाक मी बगतो."

"राहते!" मी म्हणालो, आणि उतरून दुसऱ्या चाकाला खांदा लावला.

कागदावर ज्याचा रकानाच नव्हता ते सगळं मी लोंढ्याच्या बाकावर बसून समासात लिहिलं. समास संपला तेव्हा पाठीमागं लिहिलं. पाढ्यांच्या रकान्यात लिहिलं, 'दहापर्यंत. पुढचे चटईवर. शाळा चालू ठेवावी.' परतीची स्टेशनं मोजली नाहीत. शेजारच्या माणसाला सांगून ठेवलं.

घरी आल्यावर सगळी हकीकत मंडळींना सांगितली, मुंग्यांसकट. ती तांदूळ निवडत ऐकत होती. दोरी मी खुंटीला अडकवली. सोमवारी शाळेत न्यायची असं ठरवलं होतं, पण असे चार-पाच सोमवार गेले. मोठे मास्तर काय म्हणतील, मुलं हसतील, असं काहीबाही मनात येई. मग फाल्गुनात गोविंद मास्तरांचं पत्र आलं. शाळा चालू ठेवावी असा हुकूम झाला होता. खाली वाकड्या अक्षरांत शेवंतीनं विचारलं होतं, 'दोरी राशीला लागू न देता बोटभर लांब न धरता कशी धरावी?'

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, ताडकन उठलो आणि दोरी खुंटीवरून काढली. "आज नेतोच शाळेत."

"ती शेवंती केवढी म्हणालात?" मंडळींनी विचारलं.

"असेल दहा-अकरा वर्षांची."

"तुम्ही मला पाढे शिकवायला बसवलंत, तेव्हा मी अकरा वर्षांचीच होते," ती म्हणाली. "तेराच्या पाढ्याला रडले, तर तुम्ही माझ्या सासूबाईंना सांगितलंत, हिला गणिताचं अंग नाही."

तिनं माझ्या हातातून दोरी घेतली, एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर बोट फिरवत पाहिली, आणि परत खुंटीला लावली.

"शाळेसाठी दुसरी वळा," ती म्हणाली. "ही माझी."